मन वळवणारं बोलणं : ईथॉस, पॅथॉस, लोगॉसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात शाळा-कॉलेजातल्या मुलांकडून वक्तृत्व आणि वादविवादाची तयारी करून घेते. स्पर्धांचा हंगाम आला की तेच तेच प्रश्न येतात. मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आणि अलीकडे बचत गटातल्या ताई आणि दुकानदार काकाही विचारतात, कारण बँकेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत त्यांनाही आपलं म्हणणं पटवायचं असतं. एकेकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं इथे नीट लिहून ठेवते आहे.

ईथॉस, पॅथॉस आणि लोगॉस म्हणजे नेमकं काय?

एखाद्याचं म्हणणं आपल्याला का पटतं? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. 384 ते 322) ‘ऱ्हेटोरिक’ या वक्तृत्वावरच्या ग्रंथात याची तीन कारणं सांगितली आहेत. बोलणारा माणूस भरवशाचा वाटतो, हा ईथॉस. ऐकताना आपल्या मनात राग, भीती, दया असं काही जागं होतं आणि त्या अवस्थेत आपण निर्णय घेतो, हा पॅथॉस. आणि मुळात म्हणणंच तर्काला धरून असतं, हा लोगॉस. एक बोलणाऱ्यात, दुसरं ऐकणाऱ्यात, तिसरं खुद्द बोलण्यात.

पुस्तकात हे तीन वेगळे कप्पे दिसतात, प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात. नवी पेठेतल्या एका दुकानात मी टॉवेल घ्यायला गेले होते. दुकानदार काकांनी टॉवेल काउंटरवर पसरला, पेल्यातलं थोडं पाणी त्यावर ओतलं, तळहाताने दाबलं आणि टॉवेल उलटा केला. काउंटर कोरडा. मग स्वतःहून म्हणाले, “ताई, पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग जाईल. वेगळा धुवा.” आणि पैसे घेण्याआधी विचारलं, “घरात लहान बाळ आहे का? मग हा नको, तो मऊ न्या.”

पाणी ओतून दाखवलं आणि त्यावरून टॉवेल चांगला टिपतो हे मला पटलं, तो लोगॉस. मालातली उणीव स्वतःच सांगितली, तो ईथॉस. बाळाचा विषय काढला आणि माझ्या मनात भाचीची ओली केसं आली, तो पॅथॉस. काकांनी ॲरिस्टॉटल वाचलेला नाही. ॲरिस्टॉटलने मात्र असेच काका बघितले असणार. लोक बोलताना आधीपासून जे करत होते, ते का चालतं हे त्याने तपासलं.

यांना मराठी शब्द नाहीत का?

आहेत, पण प्रत्येकात थोडी अडचण आहे. लोगॉसला ‘तर्क’ किंवा ‘युक्तिवाद’ बऱ्यापैकी चालतं. पॅथॉसला ‘भावना’ चालतं, फक्त त्याचा अर्थ ‘करुण रस’ असा घेऊ नका. रागही पॅथॉस, लाजही पॅथॉस, शांत होणं हाही पॅथॉस.

ईथॉससाठी मला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो तो बाजारातला : पत. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असं आपण म्हणतो तेही हेच. फरक एकच. पत वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून तयार होते, पण ॲरिस्टॉटलचा आग्रह असा की वक्त्याबद्दलचा विश्वास त्या भाषणातूनच उभा राहिला पाहिजे, आधीच्या नावलौकिकावर अवलंबून नको. नवख्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

मी पंधरा वर्षांची आहे. माझ्या बोलण्याला कसलं आलंय वजन?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

ॲरिस्टॉटलच्या मते वक्त्यावर विश्वास बसायला तीन गोष्टी लागतात : समज, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दलची कळकळ. समज नसेल तर माणूस चुकीचं सांगतो. समज असूनही सचोटी नसेल तर मनात एक ठेवतो आणि बोलतो दुसरंच. दोन्ही असून कळकळ नसेल तर खरं काय ते ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. यातल्या एकाही गोष्टीला वय लागत नाही, पदवी लागत नाही.

आता हे भाषणात दिसणार कसं? समज दिसते ती बारकाव्यातून. यंत्रमागावर बोलणारा मुलगा ‘कामगारांचे हाल होतात’ म्हणून थांबला तर त्याने दुसऱ्याचं वाचून बोललं हे कळतं. मागाच्या खडखडाटात कामगार ओठांच्या हालचालीवरून आणि खुणांनी बोलतात, हे त्याने सांगितलं की तो तिथे उभा राहून आलाय हे सांगावं लागत नाही. सचोटी दिसते ती आपल्या बाजूची कमजोरी कबूल करण्यातून. ‘माझ्या सूचनेत खर्च वाढेल, ते मान्य करून पुढे सांगते’ या एका वाक्याने परीक्षक पुढे झुकतात, मी कितीदा बघितलंय. आणि कळकळ दिसते ती समोरच्याची अडचण त्याच्याआधी आपण बोलून दाखवण्यातून.

उलट, भाषणाच्या सुरुवातीला ‘मी जिल्हास्तरीय विजेती’ असं सांगून वजन येत नाही. ती जुनी पावती झाली.

पॅथॉस म्हणजे श्रोत्यांना रडवायचं, बरोबर ना?

नाही. आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून ठामपणे सांगते.

कॉलेजात असताना दुष्काळावरच्या एका स्पर्धेत मी एका शेतकऱ्याची आणि त्याच्या लेकीची गोष्ट सांगितली. गाव, माणसं, सगळं मनाने रचलेलं. सभागृहात डोळे पुसले गेले, मला बक्षीस मिळालं. जिना उतरताना धोतरातल्या एका म्हाताऱ्या काकांनी थांबवून विचारलं, “पोरी, कुठलं गाव म्हणलीस? मी सांगोल्याकडचा हाय.” मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली आणि ते पायऱ्या उतरून गेले. त्यांना कळलं होतं. त्या दिवशी माझं पुढचं खरं बोलणंही त्यांच्यासाठी खोटं झालं. खोट्या पॅथॉसची किंमत ईथॉसमधून वजा होते, हे मी तेव्हा शिकले.

ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’च्या दुसऱ्या भागात एकेका भावनेचा जो अभ्यास केलाय, तो मला आजही थक्क करतो. तो प्रत्येक भावनेबाबत तीन प्रश्न विचारायला सांगतो. उदाहरणार्थ राग : रागावलेल्या माणसाची मनःस्थिती कशी असते, तो कुणावर रागावतो, आणि कशावरून? तिन्हींची उत्तरं माहीत नसतील तर समोरच्याच्या मनात राग जागवता येणार नाही, असं तो सांगतो. मुलांच्या भाषणात बहुतेक वेळा मधला प्रश्न सुटतो. रस्त्यावरच्या खड्ड्यांवर तावातावाने बोलतात, पण राग कुणावर धरायचा हे ऐकणाऱ्याला कळतच नाही, मग तो राग विरून जातो.

भीतीबद्दल त्याचं निरीक्षण तर सोन्यासारखं आहे : लोक दूरच्या गोष्टीला भीत नाहीत. आपण मरणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं, पण ते जवळ दिसत नाही म्हणून कुणी त्याची पर्वा करत नाही. म्हणून ‘पन्नास वर्षांनी पाणी संपेल’ हे वाक्य ऐकून सभागृह ढिम्म राहतं आणि ‘येत्या मे महिन्यात उजनी धरणाची पातळी खाली गेली की तुमच्या गल्लीत टँकर येईल’ म्हटलं की बायका एकमेकींकडे बघतात. दयेचंही तसंच. जे दुःख उद्या आपल्याही वाट्याला येऊ शकतं, त्याचीच दया येते.

भावना बाहेरून आणून ओतायची नसते. ती विषयातच असते, आपण फक्त ती जिथे आहे तिथे श्रोत्याला नेऊन उभं करायचं.

लोगॉस म्हणजे आकडेवारी का?

आकडे हे लोगॉसचं सामान आहे, लोगॉस नव्हे. लोगॉस म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीकडे नेणारा विचार.

नववीतल्या एका मुलीला पाणीप्रश्नावर बोलायचं होतं. तिने इंटरनेटवरून मोठमोठे आकडे उतरवून आणले होते : अब्ज घनफूट, दशलक्ष लिटर. मी म्हटलं, हे बाजूला ठेव, तुझ्या घरात पाणी किती मावतं ते मोजून आण. दुसऱ्या दिवशी ती वहीत लिहून घेऊन आली. एक पिंप, 200 लिटरचं. पंधरा लिटरच्या दहा घागरी, म्हणजे 150. एकूण 350. घरात माणसं पाच, आणि त्या वेळी त्यांच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येत होतं. 350 भागिले चार, भागिले पाच. माणशी दिवसाला साडेसतरा लिटर. स्पर्धेत तिने व्यासपीठावर एक साधी वीस लिटरची बादली ठेवली आणि म्हणाली, “आंघोळ, भांडी, कपडे, स्वयंपाक, पिणं. माझ्या वाट्याला ही बादलीसुद्धा पूर्ण येत नाही.” हा लोगॉस. श्रोता तिच्याबरोबर भागाकार करत होता.

‘एन्थिमीम’ हा शब्द नोट्समध्ये येतो. सोपं करून सांगाल का?

घरात आई म्हणते, “आज नळाला पाणी यायचा दिवस आहे, कुठे जाऊ नकोस.” सोलापुरातल्या पोराला यात काही सुटलंय असं वाटत नाही. पण ज्या गावात नळ चोवीस तास चालतो तिथल्या माणसाला हे वाक्य अर्धवट वाटेल. पाणी आलं तर घरात थांबायचं कशाला? मधली पायरी आई बोललीच नाही : पाणी काही दिवसांआड आणि ठरावीक वेळ येतं, तेवढ्यात कुणीतरी भरून घ्यावं लागतं. ती पायरी मुलाने स्वतः भरली.

ज्या युक्तिवादातला एक दुवा न बोलता सोडलेला असतो आणि ऐकणारा तो आपल्या माहितीतून जोडतो, त्याला सर्वसाधारणपणे एन्थिमीम म्हणतात. ॲरिस्टॉटलचं स्वतःचं उदाहरण याच जातीचं आहे. डोरिअस नावाच्या माणसाने मुकुटाचं बक्षीस असलेली स्पर्धा जिंकली, हे सांगायला ‘तो ऑलिम्पियात जिंकला’ एवढंच पुरे. ऑलिम्पियात मुकुट मिळतो हे कशाला सांगायचं? ते सगळ्यांना माहीत आहे.

यातली ताकद लक्षात घ्या. जो दुवा मी स्वतः जोडला, तो मला परका वाटत नाही. आणि धोकाही तिथेच आहे. श्रोत्यांना काय माहीत आहे याचा अंदाज चुकला तर दुवा रिकामाच राहतो. म्हणून मी मुलांना सांगते, सोलापुरात गाजलेलं भाषण तसंच्या तसं पुण्याला घेऊन जाऊ नका. पाण्याचं वाक्य तिथे उलगडून सांगावं लागेल.

कागदपत्रं, साक्षीदार, फोटो हे कशात मोडतं?

कायदे, साक्षीदार, करारनामे, शपथा यांना ॲरिस्टॉटल वेगळं ठेवतो. हे वक्त्याला आयते मिळतात, त्याने फक्त वापरायचे. ईथॉस, पॅथॉस, लोगॉस मात्र वक्त्याने आपल्या कलेने उभे करायचे. फोटो, व्हिडिओ, माहिती अधिकारात मिळालेला कागद हे मी आयत्यांच्या रांगेत बसवते. बचत गटातल्या ताईंना माझा सल्ला : बँकेत जाताना आयतं आधी गोळा करा. पासबुकाची झेरॉक्स हातात असली की अर्धं बोलणं वाचतं.

तिन्हींत श्रेष्ठ कोण?

पेपरात हा प्रश्न आला तर सांभाळून लिहा. ॲरिस्टॉटल एका ठिकाणी म्हणतो की वक्त्याचं शील हे मन वळवण्याचं जवळजवळ सर्वांत प्रभावी साधन आहे, आणि दुसरीकडे एन्थिमीमला तो या कलेचं शरीर मानतो. दोन्ही त्याचंच. माझं मत विचाराल तर अनोळखी श्रोत्यांपुढे ईथॉस आधी. त्याच्याशिवाय बाकीचं ऐकूनच घेतलं जात नाही.

‘कैरोस’ हा चौथा प्रकार आहे का?

बऱ्याच नोट्समध्ये तसं लिहिलेलं असतं. ॲरिस्टॉटलच्या यादीत तीनच आहेत. कैरोस म्हणजे नेमकी वेळ, नेमका प्रसंग. ही कल्पना त्याच्याही आधीच्या ग्रीक वक्तृत्वशिक्षकांत मुरलेली होती. आपल्याकडे ‘औचित्य’ आणि ‘प्रसंगावधान’ हे शब्द त्याच्या जवळ जातात, आणि कैरोस चुकला की काय होतं त्यासाठी ‘वरातीमागून घोडं’ आहेच.

यासाठी मी नेहमी टिळकांचं उदाहरण देते. 1908 मध्ये मुंबई हायकोर्टात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. बचावाचं भाषण त्यांनी स्वतः केलं, ते काही दिवस चाललं. खटला ज्यांवरून भरला त्या ‘केसरी’तल्या लेखांमधल्या एकेका शब्दाचा अर्थ, भाषांतरातल्या चुका, कायद्याचा कीस. सगळा लोगॉस. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. मग शिक्षेआधी काही सांगायचंय का असं विचारल्यावर ते मोजकी वाक्यं बोलले : ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांच्या नशिबावर चालणारी याहून मोठी सत्ता आहे, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या यातनांतूनच माझं कार्य वाढावं अशी कदाचित तिची इच्छा असेल. त्या कित्येक तासांच्या भाषणातलं आज सामान्य माणसाला काही आठवत नाही. शेवटची वाक्यं मात्र हायकोर्टात पाटीवर कोरलेली आहेत. तीच वाक्यं टिळकांनी पहिल्या दिवशी म्हटली असती तर? निकाल लागल्यावर, शिक्षा समोर दिसत असताना, तोल न ढळता बोलली गेली म्हणून ती तशी उतरली.

आपल्या न्यायदर्शनात हेच सांगितलंय ना?

थोडं जुळतं, पण ‘हेच’ म्हणू नका. न्यायदर्शन म्हणजे खरं ज्ञान कसं तपासायचं हे सांगणारं आपलं जुनं तर्कशास्त्र, आणि न्यायसूत्रं हा त्याचा मूळ ग्रंथ. त्यात अनुमान मांडायचे पाच अवयव आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. तसाच धूर इथे आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. एन्थिमीम दुवा गाळतो, न्यायदर्शन एकही दुवा गाळू देत नाही. कारण तिथे ज्ञान तपासायचं आहे आणि इथे जमलेल्या लोकांकडून निर्णय घ्यायचा आहे.

वाद, जल्प आणि वितंडा ही त्यांची विभागणी मात्र वादविवाद करणाऱ्या प्रत्येक मुलाने पाठ करावी. सत्य शोधायला चाललेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी चाललेला तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं ती वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण तिथूनच उचललाय.

प्लेटोला हे सगळं आवडत नव्हतं म्हणतात. का?

प्लेटो हा ॲरिस्टॉटलचा गुरू. ‘गॉर्जियास’ या संवादात त्याने वक्तृत्वाची तुलना पाककौशल्याशी केली. वैद्य कडू पण हिताचं देतो, आचारी जिभेला आवडेल ते देतो, आणि लहान मुलांपुढे दोघांना उभं केलं तर आचारीच जिंकणार. आक्षेप खरा आहे. ॲरिस्टॉटल सुमारे वीस वर्षं प्लेटोच्या अकादमीत होता, त्याला तो ठाऊक होताच. त्याचं उत्तर असं की चांगल्या गोष्टीचा दुरुपयोग होतोच, बळाचा होतो, संपत्तीचा होतो. आणि हाताने स्वतःचं रक्षण करता न येणं लाजिरवाणं असेल तर बोलून करता न येणंही तसंच आहे. मला हे उत्तर पटतं. वॉर्डाच्या बैठकीत ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या गल्लीतला दिवा शेवटी लागतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमध्ये हे कसं ओळखायचं?

तीन ठिकाणी बोट ठेवा. कोण बोलतंय : ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणताना डॉक्टरांचं नाव नसेल तर तो उसना ईथॉस. घाई का करतायत : ‘लगेच दहा जणांना पाठवा’ हा भीतीचा पॅथॉस, विचार करायला वेळ न देणारा. आणि मधला दुवा कुठे आहे : ‘अमुक खाल्लं आणि बरा झाला’ यात खाल्ल्यामुळेच बरा झाला हे कुठेच सिद्ध झालेलं नाही, ते आपल्याकडून भरून घेतलं जातं.

जाता जाता : न्यायसूत्रांत ‘आप्त’ म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा जाणकार, प्रामाणिक माणूस. आज मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. आपण नेमकी हीच गल्लत फॅमिली ग्रुपवर करतो. मामांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार.

हुतात्म्यांवर किंवा डॉ. कोटणीसांवर बोलताना काय लक्षात ठेवावं?

ॲरिस्टॉटल भाषणांचे तीन प्रकार करतो : पुढे काय करावं हे ठरवणारं, मागे काय घडलं याचा न्याय करणारं, आणि गौरव किंवा निंदा करणारं. 12 जानेवारीला, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, होणारी भाषणं तिसऱ्या प्रकारची. इथे श्रोत्यांना काही नवीन पटवायचं नसतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 1931 मध्ये येरवड्यात फाशी झाली, हे सोलापुरात कुणाला माहीत नाही? माहीत असलेलं पुन्हा जिवंत करायचं असतं. ते विशेषणांनी होत नाही, तपशिलांनी होतं. ती चार नावं एकापाठोपाठ सावकाश घ्या. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी ही घरं वेगवेगळी होती आणि शिक्षा एक होती, हे नावांतूनच ऐकू येतं.

कोटणीसांचं नाव मुलं कुठल्याही विषयात घेतात. सोलापूरचे हे डॉक्टर 1938 मध्ये युद्धातल्या जखमींच्या सेवेसाठी चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. तो त्यांचा ईथॉस, आपण कमावलेला नव्हे. विषय खरोखर सेवेचा असेल तरच घ्या.

माझ्या घरी तेलुगू बोलतात. मराठीत बोलताना हेल येतो. त्याने वजन कमी होतं का?

कन्नड, उर्दू आणि तेलुगू घरातली मुलं हे मला हळू आवाजात विचारतात. उच्चार स्पष्ट हवेत, वाक्य श्रोत्याला कळायला हवं, त्यासाठी मेहनत घ्या. पण हेल पुसून टाकायच्या नादात तुम्ही दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज काढू लागता आणि तो लगेच ओळखू येतो.

सोलापूरच्या पूर्व भागातला, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतला, एक अकरावीचा मुलगा आवाजाच्या प्रदूषणावर बोलणार होता. त्याने भाषणात ‘माझे तीर्थरूप’ लिहिलं होतं. मी विचारलं, घरी काय म्हणतोस? म्हणाला, नान्ना. म्हटलं, मग तेच म्हण. स्पर्धेच्या दिवशी तो व्यासपीठावर गेला, क्षणभर थांबला आणि पहिलंच वाक्य बोलला, “आमचे नान्ना घरी आले तरी मोठ्यानेच बोलतात, कारण बारा तास मागाजवळ उभं राहून त्यांना आता हळू ऐकूच येत नाही.” मागच्या रांगेत पालकांमध्ये बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातल्या एकाने हात कानामागे नेऊन पुढचं वाक्य ऐकायला मान पुढे केली.